जन्म क्यूशूचा

१९७०च्या दशकात क्योतो विद्यापीठाच्या रुग्णालयात रक्ताच्या कॅन्सरचे काही असे रुग्ण येत होते, जे पुस्तकातल्या कुठल्याच वर्णनात बसेनात. सगळे प्रौढ. अंगावर पुरळ नाहीतर गाठी, मानेत-काखेत अवधाण, यकृत आणि प्लीहा वाढलेली, रक्तातलं कॅल्शियम बेसुमार चढलेलं. औषधं सुरू केली तरी बहुतेक जण काही महिन्यांत दगावत. त्यांच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की पांढऱ्या पेशींचं केंद्रक गोल दिसत नसे. त्याला खोल खाचा पडून पाकळ्या सुटल्यासारख्या दिसत. डॉक्टर आजही या पेशींना ‘फ्लॉवर सेल’ म्हणतात.

कियोशी ताकात्सुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गोष्टी तपासल्या. पहिली म्हणजे या पेशी टी की बी? लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे हे दोन प्रमुख प्रकार. बी पेशी प्रतिपिंडं बनवतात. टी पेशी संसर्ग झालेल्या पेशी मारतात आणि बाकीच्यांना हुकूम सोडतात. दोन्ही दिसायला सारख्याच. त्या काळी ओळखण्याची युक्ती मोठी मजेशीर होती. रुग्णाच्या पेशींत मेंढीच्या लाल रक्तपेशी मिसळायच्या. टी पेशी असेल तर तिच्याभोवती त्या कडं करून चिकटतात, बी पेशीकडे फिरकत नाहीत. क्योतोच्या रुग्णांच्या पेशींभोवती कडं झालं.

दुसरी गोष्ट प्रयोगशाळेतली नव्हतीच. रुग्णाचा जन्म कुठला, हे केसपेपरवर पाहायचं होतं. १९७७ साली त्यांनी १६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी १३ जण जपानच्या नैर्ऋत्य टोकाच्या क्यूशू बेटावर जन्मलेले होते. क्योतो तिथून शेकडो किलोमीटर दूर. माणसं गाव सोडून आली, शहरात संसार केला, आणि उतारवयाकडे झुकताना हा आजार उपटला. म्हणजे बीज गावाकडेच पडलेलं असणार. तेही फार पूर्वी, बहुधा लहानपणी.

एखादा आजार एकाच मुलखात एकवटला, की संशय खाण्यापिण्यावर, आनुवंशिकतेवर किंवा जंतूवर जातो. विषाणूचा संशय घेणं मात्र तेव्हा धाडसाचं होतं. कोंबड्या, उंदीर, मांजरं यांना कॅन्सर करणारे ‘रेट्रोव्हायरस’ गटातले विषाणू माहीत होते. माणसात ते सापडत नव्हते आणि सापडणारही नाहीत, असं बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत झालं होतं. अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने चिकाटी सोडली नाही. टी पेशी शरीराबाहेर वाढवण्याचं तंत्र त्यांनीच १९७६ मध्ये बसवलं होतं. १९८० मध्ये त्याच तंत्राने त्यांना त्वचेच्या टी-सेल लिम्फोमाच्या एका रुग्णाच्या पेशींत माणसाचा पहिला रेट्रोव्हायरस मिळाला: एचटीएलव्ही-१. एचआयव्ही त्यानंतर तीन वर्षांनी सापडला, तो याच वाटेने.

क्यूशूच्या आजारामागे विषाणू आहे, याचा जपानमधला पुरावा मला जास्त आवडतो. इसाओ मियोशी यांनी एका स्त्री रुग्णाच्या कॅन्सरपेशी एका नवजात मुलाच्या नाळेतल्या रक्तपेशींबरोबर वाढवल्या. भांड्यात पेशी जोमाने वाढू लागल्या. त्यांची गुणसूत्रं तपासली, तर पेशी पुरुषाच्या निघाल्या! म्हणजे वाढत होत्या त्या बाळाच्या निरोगी पेशी. रुग्णाच्या पेशींतून काहीतरी त्यांच्यात शिरलं होतं आणि त्यानेच त्यांना अमर्याद वाढायला लावलं होतं. १९८१ मध्ये योरिओ हिनुमा यांनी या आजाराच्या रुग्णांच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं दाखवली. आजाराचा पट्टा असलेल्या भागात धडधाकट माणसांतही सुमारे चौथा हिस्सा लोकांकडे ती होती.

विषाणू घेऊन जगणाऱ्यांपैकी अगदी थोड्यांनाच कॅन्सर होतो. जपानमध्ये हे प्रमाण जन्मभरात १०० वाहकांमागे साधारण पाच. तेही संसर्गानंतर चार ते सहा दशकांनी. हा विषाणू रक्तात मोकळा फारसा फिरत नाही. एका पेशीतून दुसऱ्या पेशीत सरळ उतरतो आणि यजमान पेशीलाच पुन:पुन्हा विभागायला लावून आपली संख्या वाढवतो. त्यासाठी तो ‘टॅक्स’ नावाचं प्रथिन वापरतो. पण टॅक्स शरीराच्या पहारेकऱ्यांच्या लगेच नजरेत भरतं, म्हणून बऱ्याच कॅन्सरपेशींत ते बंद पडलेलं असतं आणि ‘एचबीझेड’ नावाचं दुसरं प्रथिन काम चालू ठेवतं. एवढ्या वर्षांत पेशीच्या जनुकांत बिघाड साचत जातात. एखादी पेशी हाताबाहेर जाते, आणि तिची पिलावळ रक्त, त्वचा, गाठी व्यापते.

क्यूशूचा हा कॅन्सर म्हणजे टी-सेल लिम्फोमाच्या मोठ्या कुटुंबातला एक सदस्य. पाश्चात्त्य देशांत नॉन-हॉजकिन लिम्फोमाच्या दर शंभरात दहा-पंधरा टी पेशींचे असतात, आणि त्यांचेही कितीतरी प्रकार. बी पेशींच्या कॅन्सरवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत औषधांची रांग लागली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी घडवलेली, २०२३ मध्ये मान्यता मिळालेली ‘नेक्सकार१९’ ही कार-टी उपचारपद्धतीही बी पेशींसाठीच आहे. टी पेशींचं घोडं अडतं कुठे? शरीरातल्या चांगल्या-वाईट सगळ्या बी पेशी मारल्या तरी माणूस जगतो. कमी पडलेली प्रतिपिंडं बाहेरून देता येतात. सगळ्या टी पेशी मारल्या तर साधी बुरशीही जीव घेते. शिवाय कार-टी हे शस्त्रच टी पेशींचं बनवलेलं. त्याला टी पेशी मारायला सांगितलं, तर ते आधी आपसातच लढून संपतं.

त्यामुळे जपानी डॉक्टरांना इंचाइंचाने पुढे सरकावं लागलं. आजार संथ असेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. उग्र असेल तर केमोथेरपी. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अनेक औषधांचं कडक मिश्रण दिलेल्यांपैकी २४ टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, नेहमीच्या औषधांवर १३ टक्के. याला प्रगती म्हणायचं, पण कुणी पेढे वाटणार नाही. २०१२ मध्ये जपानने मोगाम्युलिझुमॅब या प्रतिपिंड-औषधाला मान्यता दिली. ते बहुतेक रुग्णांच्या कॅन्सरपेशींवर असणाऱ्या सीसीआर-४ या खुणेला धरतं. त्याच्या शेपटाकडची एक शर्करा मुद्दाम काढून टाकली आहे, म्हणजे मारेकरी पेशींची पकड घट्ट बसते. आजार उलटलेल्या २६ रुग्णांपैकी १३ जणांना गुण आला. पण तीच खूण शरीराला आवर घालणाऱ्या काही निरोगी टी पेशींवरही असते. त्याही मरतात, मग अंगभर पुरळ उठतं. या औषधानंतर लवकरच दुसऱ्याच्या मूळपेशींचं रोपण केलं, तर दात्याच्या पेशी रुग्णावरच तुटून पडण्याचा धोका वाढतो. आणि दीर्घकाळ आजारमुक्त राहण्याची आशा बऱ्याच अंशी रोपणावरच असते.

खरा पल्ला गाठला तो रुग्णालयाबाहेर, क्यूशूवरच्या नागासाकीत. विषाणू तीन वाटांनी पसरतो: रक्त, शरीरसंबंध आणि आईचं दूध. दुधात आईच्या लिम्फोसाइट असतात, त्यांच्यासोबत तो बाळात जातो. कॅन्सर होतो तो मुख्यत: असा बाळपणी संसर्ग झालेल्यांना. १९८६ पासून जपानमध्ये दान केलेलं रक्त तपासलं जाऊ लागलं. १९८७ पासून नागासाकी प्रांतात गरोदर बायकांची तपासणी सुरू झाली, आणि ज्यांच्यात विषाणू सापडला त्यांना बाळाला अंगावर पाजू नका, असा सल्ला दिला गेला. दीर्घकाळ अंगावर प्यालेल्या मुलांत संसर्ग साधारण २० टक्के, वरच्या दुधावर वाढलेल्यांत अडीच टक्के. कुठल्याही औषधाने या आजारात एवढी मजल मारलेली नाही.

याची किंमत आयांनी मोजली. साठ वर्षांनी कदाचित होईल अशा आजारासाठी आज बाळाला छातीपासून दूर ठेवायचं, आणि सासरी त्याचं कारण सांगायचं. शिवाय हा सल्ला सगळीकडे चालणाराही नाही. जिथे स्वच्छ पाणी नाही, तिथे बाटलीतलं दूधच बाळाला मारतं.

टोकियोतल्या सरकारने बराच काळ ही क्यूशूची बाब म्हणून प्रांतांवर सोपवली. ते मला पटत नाही. पहिल्या १६ रुग्णांनीच दाखवलं होतं, की क्यूशूची माणसं क्यूशूत थांबत नाहीत. २००९ मध्ये मियागी प्रांताचे माजी गव्हर्नर शिरो असानो यांनी आपल्याला हाच आजार झाल्याचं जाहीर केलं. रुग्णसंघटनाही मागे लागल्या होत्या. त्यानंतर कुठे देशभर गरोदर बायकांची तपासणी सुरू झाली.

नागासाकीच्या योजनेतली पहिली मुलं आता चाळिशीला टेकली आहेत. जपानमध्ये हा कॅन्सर बहुधा साठी-सत्तरीत गाठतो, त्यामुळे रुग्णांच्या आकड्यात तिचं फळ दिसायला अजून वीस-तीस वर्षं जातील. तोवर शरीरसंबंधातून होणारे नवे संसर्ग थांबलेले नाहीत. रक्तदात्यांच्या नोंदींवरून काढलेला अंदाज वर्षाला चार हजारांच्या वर आहे, आणि त्यांतल्या काही जणी नंतर आया होऊ शकतात.