जुनी बंदूक आधी वाचावी, मग पुसावी
‘वाड्यातल्या वस्तू’ : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण मुठीवरून तलवार कशी ओळखायची ते पाहिलं. आज ठासणीची बंदूक घेऊ. माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली किंवा दिवाणखान्यात खुंट्यांवर आडवी टांगलेली अशी बंदूक अजूनही अनेक जुन्या घरांत सापडते. ती ‘पणजोबांची’ आहे, यापलीकडे घरच्यांना बहुधा काही ठाऊक नसतं. ती स्वतः मात्र बरंच काही सांगू शकते. ते ऐकण्याआधी एक काम उरकायला हवं.

ते काम म्हणजे बंदूक भरलेली आहे का, हे पाहणं. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडातून घालून गजाने ठासतात. काडतुसाच्या बंदुकीसारखी ती मागून उघडून बघता येत नाही. कोणे एके काळी रानडुकरासाठी बार भरला आणि तो उडवायची वेळच आली नाही, तर तो आजही नळीत असू शकतो. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. म्हणून नळीचं तोंड माणसांपासून दूर ठेवून एक सरळ लाकडी काठी हलकेच तळापर्यंत सोडा. तोंडापाशी काठीवर पेन्सिलीने खूण करा. काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावून धरा. तिचं टोक साधारण कानापर्यंत, म्हणजे आग आत जाण्याच्या भोकापर्यंत, पोचलं पाहिजे. दोन-तीन बोटं अलीकडेच थांबलं, तर आत काहीतरी आहे असंच समजा. ते स्वतः उकरू नका, जाणकार बंदूक-कारागिराला बोलवा. नळी रिकामी असल्याची खात्री झाली की वाचनाला बसू.

वाचायला सुरुवात कानापासूनच करावी. नळीत दारू पेटवायची कशी, या एका प्रश्नाची तीन उत्तरं तीन काळांत निघाली आणि तिन्ही कानापाशी दिसतात.

पहिलं उत्तर तोड्याचं. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली, धुमसत राहणारी सुती दोरी. कानाशेजारच्या वाटीत बारीक दारू, म्हणजे रंजक, टाकलेली असते. चाप दाबला की तोडा धरलेला चिमटा रंजकीवर टेकतो. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीत हा चिमटा दस्त्याच्या खाचेतून वर येतो आणि यंत्र दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये लाकडात दडलेलं असतं. नळी लाकडाला चामड्याच्या वादीने, तारेने किंवा कड्यांनी बांधलेली असते. कान मोकळा करायची सुई साखळीने अडकवलेली सापडली, तर तो संच जपून ठेवा, कारण अशा सुया पहिल्यांदा हरवतात.

दुसरं उत्तर चकमकीचं. इथे घोड्याच्या जबड्यात गारगोटी असते. ती उभ्या पोलादी पत्र्यावर आपटते, ठिणग्या पडतात आणि त्यांनी रंजक पेटते. उजव्या बाजूची लोखंडी पट्टी आणि तिच्यावरची वाटी लगेच नजरेत भरते. पानिपतावर लढलेले इब्राहिमखानाचे गारदी आणि पुढे महादजी शिंद्यांसाठी द बॉयन या युरोपीय सेनानीने उभारलेल्या पलटणी याच बंदुकांच्या कवायती शिकल्या. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली शिंद्यांसाठी बंदुका तयार होत.

तिसरं उत्तर केपाचं. अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाला शिकारीची आवड होती. रंजकीचा भपका दिसताच पाखरं उडतात, म्हणून त्याने आघाताने पेटणारं मिश्रण वापरून पाहिलं आणि १८०७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे तांब्याची चिमुकली टोपी, म्हणजे केप, आली. कोकणात शेती राखण्यासाठी परवान्यावर दिलेल्या ठासणीच्या बंदुका याच जातीच्या. चकमकीच्या कितीतरी बंदुकांना नंतर केपाचा घोडा बसवला गेला. वाटीच्या जागी पट्टीवर बुजवलेली भोकं दिसली, की बंदूक मूळची चकमकीची असावी असं समजायला हरकत नाही.

आता उजव्या पट्टीवर आणि नळीच्या मागच्या टोकावर भिंग धरा. बदामाचा आकार, त्याचे चार कप्पे, कप्प्यांत व्ही, ई, आय, सी ही रोमन अक्षरं आणि वर इंग्रजी चारच्या आकड्यासारखी खूण दिसली, तर ती ईस्ट इंडिया कंपनीची मुद्रा आहे. त्यातला व्ही हा जुन्या लॅटिन वळणाचा यू, म्हणजे ‘युनायटेड’चं आद्याक्षर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बदामाऐवजी मागच्या पायांवर उभा, पंजात मुकुट धरलेला सिंह आला. कंपनीसाठी बनलेला चकमकीचा नमुना ३९ इंच नळीचा आणि पाऊण इंच व्यासाचा होता. फ्रान्सशी लढताना बंदुका कमी पडल्या, तेव्हा ब्रिटिश सैन्याने १७९७ मध्ये हाच नमुना आपला म्हणून स्वीकारला. त्याची नळी लाकडाला आडव्या खिळ्यांनी जोडलेली असते, बाहेर कड्या दिसत नाहीत. ब्रिटिश सरकारी बंदुकांवर असतो तो ‘टॉवर’ हा शब्द आणि मुकुट पाहून मात्र हुरळून जाऊ नका. खैबरच्या कारागिरांनी या मुद्रेच्या असंख्य नकला केल्या. अक्षर उलटं पडलंय का, रेघ कापरी आहे का, ते बघा.

नळीला तीन कड्या असतील आणि घोडा केपाचा असेल, तर ती १८५३ च्या एन्फिल्ड नमुन्याची असू शकते. १८५७ च्या काडतुसांची गोष्ट याच बंदुकीची. नळी रिकामी असल्याचं आधी ठरवलंय, म्हणून आता विजेरीने आत बघता येईल. मूळ एन्फिल्डच्या नळीत पिळाच्या तीन खाचा असतात. त्या पिळामुळे गोळी फिरत जाते आणि लांबवर नेम लागतो. पण हुबेहूब तशाच दिसणाऱ्या काही बंदुकांच्या नळीत खाच नाही. उठावानंतर देशी शिपायांच्या हाती पल्ल्याची रायफल द्यायची नाही असं ठरलं आणि १८५८ च्या नमुन्याच्या, रुंद आणि गुळगुळीत नळीच्या बंदुका त्यांच्यासाठी काढल्या. मागचा नेमही लांब पल्ल्याचा ठेवला नाही. नुसत्या गुळगुळीतपणावरून निकाल देऊ नये, कारण छर्ऱ्यासाठी नंतर घासून रुंद केलेल्या नळ्याही असतात. पण नेम आणि व्यास दोन्ही जुळले, तर राज्यकर्त्यांच्या मनातली शिपायांची भीती तुमच्या हातातल्या लोखंडात कोरलेली आहे. एवढी स्पष्ट साक्ष कागदावरही क्वचित सापडते.

साफसफाईच्या बाबतीत मी आग्रही आहे तो याचसाठी. वाईजवळच्या एका वाड्यात मला तोड्याची लांब बंदूक दाखवली गेली. खंडेनवमीला पूजेत ठेवायची म्हणून घरातल्या तरुणाने मोठ्या भक्तीने तिची नळी पॉलिशपेपरने लखलखीत केली होती. कानाच्या मागे बोट फिरवलं तेव्हा ‘श्री’ची वेलांटी आणि त्यापुढे एका अक्षराचा काना एवढंच हाताला लागलं. पुढची ओळ गेली होती. नाव असेल, गाव असेल, शक असेल. दोनशे वर्षांच्या पावसाळ्यांना जे पुसता आलं नाही ते एका दुपारी पुसलं गेलं. त्या मुलाचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून सांगतो. जुन्या लोखंडावरचा तपकिरी-काळा थर हा मळ नव्हे, ते लोखंडाचं वय आहे. पॉलिशपेपर, चिंच, पितांबरी, रॉकेल यातलं काही लावू नका. सैल धूळ मऊ ब्रशने झाडा, कोरड्या सुती कापडाने टिपा आणि संग्रहालयात वापरतात त्या मेणाचा अगदी पातळ हात द्या. घामात मीठ असतं, म्हणून हातमोजे घाला. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर बंदूक टांगू नका. केपाचा घोडा रिकामा आपटून बघू नका, त्याने केप बसवायची नळकांडी मोडते. तुलना करायला पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि कोल्हापूरचा न्यू पॅलेस इथे नमुने आहेत. तासभर तिथे उभं राहिलं की डोळा तयार होतो.

कायदाही समजून घ्यावा. १९५९ चा शस्त्र कायदा जुन्या, कालबाह्य हत्यारांना सूट देतो, पण ती दुरुस्त करूनही उडू शकत नसतील तरच. तुमची बंदूक आज बंद असेल, पण दुरुस्तीने चालू होणारी असेल, तर परवान्याचा प्रश्न येतो. वकिलाचा सल्ला घेऊन मार्गी लावा, लपवून ठेवू नका. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते आणि १९७२ च्या कायद्यानुसार ती खासगी रीतीने देशाबाहेर नेता येत नाही.

‘ती उडवून बघता येईल का?’ हा प्रश्न हमखास येतो. मूळ जुनी बंदूक घरी कधीही उडवू नये. आतल्या गंजाने नळी किती खाल्ली आहे ते बाहेरून कळत नाही. जगात मात्र अशा बंदुकांच्या नेमबाजीचा खेळ शिस्तीने चालतो. ठासणीच्या बंदुकांच्या जागतिक स्पर्धेत अर्ध्या तासात १३ बार काढायचे असतात आणि त्यांतले उत्तम १० मोजतात. तोड्याच्या बंदुकीच्या एका स्पर्धेला तानेगाशिमा हे नाव आहे, कारण त्या जपानी बेटावर १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर बंदूक पोचली. बरेच नेमबाज इटलीत ब्रेशियाजवळ बनणाऱ्या, दाबाची चाचणी झालेल्या नव्या प्रतिकृती वापरतात. त्यांचे नियम अनुभवातून आले आहेत. शिंगातली दारू थेट नळीत ओतायची नाही, आधी मापात घ्यायची, कारण नळीत निखारा उरला असेल तर अख्खं शिंग हातात पेटतं. गोळी दारूवर पक्की बसलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. आधुनिक बिनधुराची दारू या बंदुकांत चिमूटभरही घालायची नाही. काळी दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग घन राख होतो आणि त्यातली नळीत उरलेली राख ओल धरते. त्यामुळे त्याच दिवशी नळी साबणाच्या कढत पाण्याने धुऊन कोरडी करावी लागते.

आपल्या घरातल्या बंदुकीला यातलं काही करायला लावायची गरज नाही. तिचं काम आता साक्ष देण्याचं. येत्या खंडेनवमीला ती पाटावर ठेवाल तेव्हा फूल तिच्याशेजारी ठेवा आणि हळदकुंकू पाटाला वाहा, लोखंडाला नको, कारण ओल्या कुंकवाखाली गंज धरतो. मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून बंदूक कुणाची, कुठून आली, कुणी वापरली ते एका कागदावर लिहा. तारीख आणि सही घाला, मुद्रांचे फोटो जोडा. बंदूक आणखी शंभर वर्षं टिकेल. सांगणारं माणूस तेवढं टिकत नाही, म्हणून हा कागद याच वर्षी लिहून ठेवा.