साहित्य आणि दिनांक (लेखांक ७) : २३ एप्रिल – एका तारखेचे सहा लेखक

मागील लेखांकात २७ फेब्रुवारी १९१२ या एकाच दिवशी जन्मलेल्या दोन लेखकांचा परामर्श घेण्यात आला. कुसुमाग्रज त्या दिवशी पुण्यात जन्मले आणि इंग्रजी कादंबरीकार लॉरेन्स डरेल जालंधरमध्ये; दिवस, वर्ष, देश आणि कालगणना ही चारही एकच असल्यामुळे ‘समान जन्मदिन’ म्हणजे काय याविषयी तेथे शंकेला जागा नव्हती. २३ एप्रिल या तारखेचे तसे नाही. विल्यम शेक्सपियर, व्लादिमीर नाबोकोव्ह, हालदोर लाक्सनेस, पंडिता रमाबाई, विठ्ठल रामजी शिंदे आणि धनंजय कीर या सहा लेखकांची नावे या एका तारखेखाली मांडली जातात. परंतु त्यांपैकी एकाची तारीख अनुमानाने ठरलेली आहे आणि दुसऱ्याची कालगणनेतील बदलामुळे एका दिवसाने पुढे सरकलेली आहे. जन्मदिनांक ही नोंद, गणना आणि परंपरा यांच्यातून घडणारी गोष्ट आहे आणि तिने शेजारी आणून बसवलेल्या लेखकांचे खरे नाते त्यांच्या ग्रंथांतच शोधावे लागते, हे या तारखेच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखांकाचा हेतू आहे.

योगायोगाचे गणित

दोन थोर लेखकांचा जन्मदिवस एकच निघाला की त्यात काही गूढ संकेत असावा असे वाटू लागते. म्हणून प्रथम संभाव्यतेचा, म्हणजे एखादी घटना घडण्याची शक्यता किती हे मोजणाऱ्या गणिताचा, विचार करणे इष्ट आहे. कोणतीही २३ माणसे एकत्र आली तर त्यांच्यातील किमान दोघांचा जन्मदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक असते. वर्षाचे दिवस ३६५ असताना इतकी थोडी माणसे कशी पुरतात, याचे उत्तर असे की येथे माणसे मोजायची नसून त्यांच्या जोड्या मोजायच्या असतात आणि २३ माणसांच्या जोड्या २५३ होतात. हाच हिशेब पुढे नेला तर दोन हजार लेखकांच्या चरित्रकोशात प्रत्येक तारखेच्या वाट्याला सरासरी पाच ते सहा लेखक येणार, हे उघड आहे. तारीख एक असणे ही त्यामुळे अपवादात्मक गोष्ट ठरत नाही आणि त्या तारखेने लेखकांच्या स्वभावात किंवा प्रतिभेत काही साम्य आणले असे मानण्यास कोणताही आधार उरत नाही. अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे : ती तारीख आपल्यापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचली?

शेक्सपियरची तारीख : नोंद आणि अनुमान

शेक्सपियरच्या जन्माची नोंद उपलब्ध नाही. उपलब्ध आहे ती त्याच्या बाप्तिस्म्याची. इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील वस्तीने, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवावी असा आदेश होता. या तिन्ही घटना धर्मविधीच्या होत्या. जन्म हा विधी नसल्यामुळे त्याला वहीत रकाना नव्हता. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन येथील होली ट्रिनिटी चर्चच्या नोंदवहीत २६ एप्रिल १५६४ या तारखेपुढे जॉन शेक्सपियरचा मुलगा विल्यम अशा अर्थाची लॅटिन भाषेतील एकच त्रोटक ओळ आहे आणि शेक्सपियरच्या जन्माविषयीचा समकालीन लेखी पुरावा तेवढाच आहे.

या ओळीवरून २३ एप्रिलपर्यंत पोहोचण्यासाठी अभ्यासकांना अन्य आधार जोडावे लागले. तत्कालीन प्रार्थनाग्रंथाने आईवडिलांना असे बजावले होते की, जन्मानंतर येणाऱ्या पहिल्या रविवारच्या किंवा सणाच्या पलीकडे बाप्तिस्मा लांबवू नये. त्यामुळे जन्म आणि बाप्तिस्मा यांत थोड्याच दिवसांचे अंतर असणार, हे अनुमान सयुक्तिक ठरते. याच चर्चमधील भिंतीवर शेक्सपियरचे जे स्मारक आहे, त्यावर मृत्यूचा दिवस २३ एप्रिल १६१६ असून वय ५३ असे कोरलेले आहे. हा आकडा चालू वर्षाचा, म्हणजे त्रेपन्नावे वर्ष लागले होते या अर्थाचा, मानला तर जन्म २३ एप्रिल १५६४ नंतरचा असू शकत नाही. या आधारांतून जन्म २६ एप्रिलच्या थोडा आधीचा आणि २३ एप्रिलच्या पुढचा नाही एवढे निष्पन्न होते. नेमका २३ हाच दिवस त्यांतून सिद्ध होत नाही. तो दिवस अठराव्या शतकापासून रूढ झाला आणि त्याला दोन गोष्टींनी बळ दिले. एक म्हणजे जन्म आणि मृत्यू एकाच तारखेला आल्याने साधणारी सममिती, आणि दुसरी म्हणजे २३ एप्रिल हा इंग्लंडचा संरक्षक मानल्या जाणाऱ्या सेंट जॉर्जचा दिवस असणे. राष्ट्रकवीचा जन्म राष्ट्राच्या संतदिनी व्हावा ही इच्छा समजण्यासारखी आहे. मात्र इच्छा आणि पुरावा यांतील सीमारेषा चरित्रलेखकाने पुसू देता कामा नये.

दोन कालगणना

दुसरी अडचण कालगणनेची आहे. युरोपात रूढ असलेल्या ज्यूलियन पद्धतीत वर्ष ३६५ दिवस ६ तासांचे धरलेले होते, तर ऋतुचक्राचे प्रत्यक्ष वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. ही तफावत साचत जाऊन सोळाव्या शतकापर्यंत दहा दिवसांची झाली आणि ईस्टरसारखे सण आपल्या ऋतूतून ढळू लागले. म्हणून पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला आणि पुढे ४०० ने भाग न जाणारी शतकवर्षे लीप वर्षे मानू नयेत असा नियम घातला. स्पेनने ही ग्रेगोरियन पद्धत तत्काळ स्वीकारली. ब्रिटनने १७५२ मध्ये आणि रशियाने १९१८ मध्ये.

याचा परिणाम असा की शेक्सपियर आणि ‘डॉन किहोते’चा कर्ता सर्व्हान्तेस हे एकाच दिवशी मरण पावले, हे वारंवार केले जाणारे विधान टिकत नाही. शेक्सपियर ज्या २३ एप्रिलला वारला ती ज्यूलियन तारीख असून ग्रेगोरियन गणनेत तो दिवस ३ मे होतो. सर्व्हान्तेसचा मृत्यू माद्रिदमध्ये २२ एप्रिलला झाला आणि २३ तारीख ही त्याच्या दफनाची आहे. कागदावर एक दिसणाऱ्या या दोन मृत्यूंमध्ये प्रत्यक्षात अकरा दिवसांचे अंतर होते.

नाबोकोव्हचे उदाहरण त्याहून सूक्ष्म आहे. तो सेंट पीटर्सबर्ग येथे ज्यूलियन १० एप्रिल १८९९ रोजी जन्मला. एकोणिसाव्या शतकात दोन पद्धतींतील अंतर बारा दिवसांचे होते, म्हणून उर्वरित युरोपच्या दृष्टीने तो दिवस २२ एप्रिल होता. १९०० हे वर्ष ज्यूलियन पद्धतीत लीप होते आणि ग्रेगोरियन पद्धतीत नव्हते; त्यामुळे मार्च १९०० पासून अंतर तेरा दिवसांचे झाले आणि त्याचा पहिलाच वाढदिवस, म्हणजे ज्यूलियन १० एप्रिल १९००, ग्रेगोरियन २३ एप्रिलला पडला. पुढे हीच तारीख त्याच्या कुटुंबात आणि कागदपत्रांत रूढ झाली. ‘स्पीक, मेमरी’ या आत्मचरित्रात नाबोकोव्हने स्वतः या हिशेबाची चर्चा केली आहे. आइसलंडचा नोबेलविजेता कादंबरीकार लाक्सनेस याच्याबाबत असा प्रश्न उद्भवत नाही; तो २३ एप्रिल १९०२ रोजी रेक्याविकमध्ये जन्मला तेव्हा त्याच्या देशात ग्रेगोरियन पद्धत दोन शतके रुळलेली होती.

मराठी वाचकाला हा घोळ अपरिचित वाटू नये. शिवजयंती तिथीने साजरी करावी की तारखेने, हा वाद महाराष्ट्रात दीर्घकाळ चालला आहे आणि त्यातील १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही ज्यूलियन पद्धतीची आहे. ग्रेगोरियन गणनेत तो दिवस १ मार्च येतो. तिथी ही चंद्राच्या गतीवर आधारलेली असते, चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते आणि अधिक महिना घालून ते सौरवर्षाशी जुळवले जाते. त्यामुळे तिथीने मोजलेला जन्मदिवस इंग्रजी दिनदर्शिकेत दरवर्षी मागेपुढे सरकत राहतो. ज्या समाजात जन्म पंचांगाने नोंदवले जात, तेथील व्यक्तींच्या जन्मतारखा वाचताना या रूपांतराचे भान ठेवावे लागते.

ग्रंथदिनाची घडण

२३ एप्रिलला आज जो जागतिक दर्जा आहे, त्याचे मूळ स्पेनमध्ये आहे. प्रकाशक आणि लेखक व्हिसेंते क्लावेल यांच्या सूचनेवरून तेथे १९२६ मध्ये ग्रंथदिन सुरू झाला आणि तो सर्व्हान्तेसचा मानलेला जन्मदिवस म्हणून ७ ऑक्टोबरला पाळला गेला. १९३० मध्ये हा दिवस २३ एप्रिलवर आणण्यात आला. त्या दिवशी कॅटालोनियात सेंट जॉर्जचा, तेथील उच्चाराप्रमाणे सांत जॉर्दीचा, उत्सव असतो. गुलाब देण्याच्या जुन्या प्रथेला पुस्तक देण्याची जोड मिळाली आणि बार्सिलोनाच्या रस्त्यांवर पुस्तकांची दुकाने मांडली जाऊ लागली. १९९५ मध्ये युनेस्कोने हाच दिवस जागतिक ग्रंथ आणि स्वामित्वहक्क दिन म्हणून घोषित केला. शेक्सपियर आणि सर्व्हान्तेस यांच्या ज्या आठवणींवर तो उभा आहे त्यांतील तारखा काटेकोर नसल्या तरी त्या निमित्ताने होणारे वाचन खरे आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

तीन मराठी लेखक

महाराष्ट्रातील शाळांच्या फळ्यांवर आणि वृत्तपत्रांच्या दिनविशेषांत या दिवशी शेक्सपियरचे नाव ठळकपणे येते. त्याच तारखेची तीन मराठी नावे मात्र त्या मानाने फिकी राहतात. वस्तुतः मराठी गद्याच्या आणि सामाजिक विचाराच्या इतिहासात या तिघांचे स्थान पहिल्या रांगेतले आहे.

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी मोडून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईकडून ती विद्या रमाबाईंना मिळाली. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये त्यांचे पांडित्य मान्य केले. १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) या इंग्रजी ग्रंथाने उच्चवर्णीय स्त्रीचे बालपण, विवाह आणि वैधव्य जगासमोर मांडले, तर ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) या मराठी ग्रंथात त्यांनी अमेरिकेची राज्यव्यवस्था, स्त्रीशिक्षण आणि लोकसंस्था यांचे वर्णन करताना तेथील वर्णद्वेषावरही बोट ठेवले. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात केडगावच्या मुक्ती मिशन या आश्रमात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून मुळावरून बायबलचे मराठी भाषांतर केले. प्रचलित भाषांतरांची संस्कृतप्रचुर भाषा आश्रमातील सामान्य स्त्रियांना उमगत नाही, हे त्यामागचे कारण होते. संस्कृतात पारंगत असलेल्या विदुषीने साध्या मराठीसाठी इतके कष्ट उपसावेत आणि तो ग्रंथ आश्रमातल्याच स्त्रियांच्या हातांनी छापला जावा, याला मराठीच्या इतिहासात तोड नाही.

विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षणानंतर १९०१ ते १९०३ या काळात त्यांनी ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्राचे, म्हणजे विविध धर्मांचा परस्परसापेक्ष अभ्यास करणाऱ्या शास्त्राचे, शिक्षण घेतले; परतल्यावर ते प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले आणि १९०६ मध्ये मुंबईत त्यांनी भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी स्थापन केली. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ म्हणजे केवळ आवाहन नव्हे. अस्पृश्यतेचा उगम आणि विस्तार त्यांनी इतिहास, प्राचीन वाङ्मय आणि जातिनामांची व्युत्पत्ती यांच्या आधारे तपासला.

धनंजय कीर २३ एप्रिल १९१३ रोजी रत्नागिरीत जन्मले. मुंबई महानगरपालिकेच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेल्या कीरांनी सावरकर, आंबेडकर, टिळक, फुले आणि शाहू छत्रपती यांची विस्तृत चरित्रे इंग्रजीत लिहिली. आंबेडकरांचे चरित्र १९५४ मध्ये, म्हणजे चरित्रनायकाच्या हयातीतच, प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्राबाहेरील असंख्य वाचकांना आंबेडकरांचा परिचय त्यातूनच झाला.

तारखेपलीकडचे नाते

या तिघांना जोडणारा धागा त्यांच्या जन्मतारखेत नाही, तो लिखित शब्दांत आहे. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर महाराष्ट्रात टीकेचे मोहोळ उठले, तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. हे ‘सत्सार’ आजच्या वाचकाला सुलभतेने उपलब्ध झाले ते ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ या १९६९ च्या ग्रंथामुळे आणि त्या ग्रंथाच्या दोन संपादकांपैकी स. गं. मालशे यांच्यासोबतचे दुसरे नाव धनंजय कीर हे आहे. ज्या प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८८२ मध्ये पुण्यात रमाबाईंना साथ दिली, त्याच समाजाचे व्यासपीठ वीस वर्षांनी शिंदे यांना मिळाले. आणि शिंदे यांनी ज्या प्रश्नाला आयुष्य वाहिले, त्याच प्रश्नावर पुढच्या पिढीत उभ्या राहिलेल्या स्वाभिमानी चळवळीचा इतिहास कीरांनी आंबेडकर-चरित्रात नोंदवला. हे संबंध कोणत्याही पंचांगात सापडणारे नाहीत. ग्रंथ उघडून एकापुढे एक ठेवल्यावरच ते दिसू लागतात.

समान जन्मदिनाचा उपयोग एवढाच, पण तो लहान नाही. तारीख वाचकापुढे नावांची यादी ठेवते आणि कोणाला आठवायचे हे त्याच्यावर सोपवते. पुढील ग्रंथदिनी महाराष्ट्रातील ग्रंथालयांनी शेक्सपियरच्या नाटकांशेजारी रमाबाईंचे ‘लोकस्थिती’, शिंदे यांचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ आणि कीरांचे फुले-चरित्र मांडले, तर त्या मांडणीला तारखेचे निमित्त पुरेसे आहे आणि या ग्रंथांची योग्यता त्याहून कितीतरी अधिक आहे.

पुढील लेखांकात १ ऑगस्ट या तारखेचा विचार केला जाईल. त्या दिवशी १८१९ मध्ये न्यूयॉर्क येथे हर्मन मेलव्हिल आणि १९२० मध्ये वाटेगाव येथे अण्णा भाऊ साठे जन्मले. श्रमिकांचे जीवन साहित्याच्या केंद्रस्थानी आणणाऱ्या या दोघांच्या लेखनात कोणते साम्य आणि कोणता भेद आहे, याचे विवेचन तेथे येईल.