पहिल्या गोळीच्या आधी

लखनौमध्ये कुणाचा जबडा हलत असला तर लोक वळूनही बघत नाहीत. तोंडात पान असेल, मसाला असेल, असं धरून चालतात. एका मुलाच्या शेजाऱ्यांनीही तसंच धरलं होतं. "खाता तो कुछ नहीं, फिर मुँह क्यों चलता है?" आईच्या या प्रश्नामुळेच मी त्यांच्यासोबत ओपीडीत गेलो.

मुलगा विशीतला, बौद्धिक अक्षमता असलेला, न बोलणारा. चिडचिड आणि स्वतःला मारून घेणं थांबावं म्हणून त्याचं रिस्पेरिडोन बरीच वर्षं चालू आहे. अशा औषधांनी काहींना टार्डिव्ह डिस्कायनेशिया होतो. जीभ, ओठ, बोटं आपोआप हलू लागतात.

डॉक्टरांनी आधी तोंड रिकामं असल्याची खात्री केली, चपला काढायला लावल्या, बिनहाताच्या खुर्चीवर बसवलं. जीभ बाहेर काढ म्हटलं, तर तो नुसता हसला. मग त्यांनी सूचना सोडून त्याच्याशी चेंडू खेळायला सुरुवात केली. इतका वेळ फडफडणारे हात चेंडू झेलताना थांबले. जीभ थांबली नाही. ओठांच्या कोपऱ्यातून डोकावायची, आत जायची, पुन्हा डोकावायची. माझी नजर तिथून हटेना.

समोर डिस्कसचा, म्हणजे अशा आपोआप होणाऱ्या हालचाली मोजायचा तक्ता होता. स्प्रेग आणि कॅलाच्निक यांनी तो अशाच रुग्णांसाठी बनवला. 15 हालचाली, प्रत्येकीला 0 ते 4 गुण. "बेरीज 5 झाली की नीट तपासायचं," डॉक्टर म्हणाले. "पण 5 म्हणजे निदान नव्हे. त्या 5 मधलं औषधाआधीचं किती, हे कळायला हवं."

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. "हाथ तो बचपन से, जीभ नहीं," आई ठामपणे म्हणाली. तिच्या आठवणीवरच सगळी भिस्त. ज्यांची आई नाही, जे संस्थेत वाढतात, जिथे काळजीवाहक बदलत राहतात, त्यांचं काय?

नोंद नसली की औषधाने आलेली अस्वस्थता 'वागणूक बिघडली' म्हणून खपते आणि डोस वाढतो. वाढलेला डोस डिस्कायनेशिया काही काळ झाकूनही टाकतो. औषध एकदम बंद केलं तर हालचाली उफाळतात, म्हणून घरच्यांनी परस्पर काही करायचं नाही.

पण एक गोष्ट घरच्यांच्या हातात आहे. पहिल्या गोळीच्या आधी मोबाइलवर चेहरा, हात, चालणं यांचं दोन मिनिटांचं चित्रण करून ठेवा, आणि दर सहा महिन्यांनी डिस्कसची तपासणी मागून घ्या. जो स्वतः तक्रार करू शकत नाही, त्याच्यासाठी आपण पुरावा जपायलाच हवा.