अकरा आकड्यांचा पाय

पहिला प्राणी उभाच राहिला नाही. प्लास्टिकच्या नळ्या चिकटपट्टीने जोडून केलेला तो सांगाडा उलट्या पडलेल्या झुरळासारखा उताणा पडून नुसते पाय हलवायचा. नाव मात्र भारदस्त: ॲनिमारिस व्हल्गॅरिस. लॅटिनचा थाट आणि अंगात स्वतःचं ओझं पेलण्याचंही बळ नाही!

ही नेदरलँड्समधली गोष्ट आहे. थेओ यान्सन हा समुद्रकाठच्या स्खेवेनिंगनचा माणूस, जन्म १९४८चा. डेल्फ्टला पदार्थविज्ञान शिकला, पदवी न घेताच बाहेर पडला आणि चित्रकार झाला. १९८०मध्ये त्याने हेलियम भरलेली एक उडती तबकडी डेल्फ्टच्या आकाशात सोडून गावभर खळबळ उडवून दिली होती. अशा माणसाला वर्तमानपत्रात सदर मिळालं, तर तो काय लिहील? १९९०मध्ये ‘द फोल्क्सक्रांट’मध्ये त्याने लिहिलं की, समुद्राची पातळी वाढते आहे, तेव्हा किनाऱ्यावर वाऱ्याने चालणारे सांगाडे सोडावेत, ते वाळू उडवत फिरतील आणि वाळूच्या टेकड्या उंच होत जातील. ज्या देशाची पाव जमीन समुद्रसपाटीखाली आहे, तिथे ही कल्पना अगदीच थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती.

लिहून तो विसरलाही. काही महिन्यांनी त्याने दुकानातून वायरिंगच्या नळ्या आणल्या. आपल्याकडे इलेक्ट्रिशियन भिंतीत गाडतो ना, तसल्याच. तिकडे त्यांचा रंग पिवळसर. दुपारभर तो त्या नळ्यांशी खेळला आणि संध्याकाळी ठरवलं, वर्षभर फक्त हेच करायचं. ते वर्ष अजून संपलेलं नाही.

घोडं अडलं पायापाशी. शिलाई मशीन आठवा. पायाखालची फळी वर-खाली होते आणि चाक गोल फिरतं. यान्सनला नेमकं उलटं हवं होतं. फिरणाऱ्या क्रँकपासून पावलाची चाल काढायची होती. पण साध्या क्रँकला काठी बांधली, तर तिचं टोक वर-खाली हेलकावे घेतं आणि धडही त्याबरोबर उचकतं. वाळूवर प्रत्येक पावलाला असं धड उचलायचं, तर सगळा वारा त्यातच खर्ची पडणार. पावलाने जमिनीवर सरळ रेषेत मागे जायला हवं, मग चटकन उचलून पुढे यायला हवं, आणि कंबर या सगळ्यात एकाच उंचीवर राहायला हवी.

हे साधणार होतं ते पायाच्या अकरा मापांच्या प्रमाणातून. प्रत्येक मापाला दहाच पर्याय धरले, तरी दहा हजार कोटी वेगवेगळे पाय होतात. सेकंदाला एक तपासला, तर तीन हजारांहून जास्त वर्षं लागतील. म्हणून त्याने निसर्गाचीच युक्ती उचलली. अटारी संगणकात कशाही लांबीच्या दांड्यांचे १५०० पाय तयार केले. त्यांतले हव्या त्या चालीच्या जवळ जाणारे १०० ठेवले, बाकीचे मेले. त्या शंभरांच्या लांब्या आपसात मिसळून पुढची पिढी, तिच्यातून पुन्हा निवड. संगणक रात्रंदिवस, काही महिने चालत राहिला. उरले ते अकरा आकडे. यान्सन त्यांना पवित्र आकडे म्हणतो. मला तर ते त्या प्राण्याच्या कुंडलीसारखे वाटतात. फरक इतकाच की ही कुंडली खरी ठरते.

पण गणित कितीही चोख असलं तरी चिकटपट्टी ती चिकटपट्टीच. सांधे सैल पडले की पाय कुठेही जायचा. नायलॉनच्या बंदांनी नळ्या घट्ट बांधल्या, तेव्हा पुढचा प्राणी, ॲनिमारिस करन्स व्हल्गॅरिस, खरोखर चालला. पुढे त्याच्या प्राण्यांना पंख आले. लिंबू सरबताच्या रिकाम्या बाटल्या त्यांचं पोट झाल्या. वारा असताना तिथे हवा दाबून भरायची आणि वारा पडला की तिच्यावर चालायचं. दर उन्हाळ्यात प्राणी किनाऱ्यावर जातात आणि हंगाम संपला की यान्सन त्यांना नामशेष जाहीर करतो.

त्यांनी टेकड्या वाचवल्या का? नाही. मूळ हेतू साफ फसला, आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही. पायांची कल्पना मात्र दूरवर पोहोचली. शुक्रावर नुसत्या वाऱ्यावर चालेल अशी गाडी नासाचे अभियंते आखत होते, तेव्हा त्यांनीही आधी हेच पाय घेतले होते. तिथल्या खडबडीत जमिनीवर ते डळमळतील म्हणून मग रणगाड्यासारखे पट्टे सुचवले गेले.

हे आकडे यान्सनने लपवून ठेवलेले नाहीत, तेव्हा तुम्हीही करून पाहा. जाड पुठ्ठ्याचे दोन त्रिकोण कापा: एक ४१.५, ४०.१, ५५.८ बाजूंचा, दुसरा ३६.७, ४९, ६५.७ बाजूंचा. चार पट्ट्या: ३९.३, ३९.४, ५०, ६१.९. अकरावा आकडा ३८ म्हणजे स्थिर खिळ्यापासून क्रँकच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर. याशिवाय तो मध्य खिळ्याहून ७.८ उंच आणि क्रँक १५चा. जोडणीचं चित्र शोधायला वेळ लागत नाही. पावलाच्या टोकाला पेन्सिल खोचून क्रँक फिरवलात की कागदावर करंजीसारखा आकार उमटेल, खालची कड जवळजवळ सरळ. मापं मिलिमीटरमध्ये घेतलीत तर दुप्पट करून घ्या. लहान पायात टाचणीचं भोक जरा इकडेतिकडे झालं तरी तो लंगडतो.