गळ्यातील गाठ आणि कुटुंबाचा वारसा

बंगळुरूच्या होसूर मार्गावर किदवई स्मारक कर्करोग संस्था आहे. १९७३ साली स्थापन झालेल्या या संस्थेत १९८२ पासून शहरातील कर्करुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवली जाते. देशभरातील अशा नोंदी एकत्र करणारे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे केंद्रही बंगळुरूतच आहे. या नोंदवहीतील प्रत्येक नोंद एका रुग्णाची असते. अवटू ग्रंथीच्या, म्हणजेच थायरॉइडच्या, एका विरळ कर्करोगाच्या बाबतीत मात्र एका रुग्णाची नोंद ही साऱ्या कुटुंबाला मिळालेली पूर्वसूचना ठरू शकते. या आजाराचे नाव मेड्युलरी कर्करोग.

वेगळ्या पेशींचा आजार

गळ्याच्या पुढील भागात, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी असते. तिच्यातील बहुसंख्य पेशी आयोडीन शोषून संप्रेरके तयार करतात. ग्रंथीचे बहुतेक कर्करोग या पेशींतून उद्भवतात आणि त्यांतील अनेकांवर किरणोत्सारी आयोडीनचा उपचार गुणकारी ठरतो. परंतु याच ग्रंथीत ‘सी’ नावाच्या थोड्या निराळ्या पेशीही वस्तीला असतात. त्या कॅल्सिटोनिन हे संप्रेरक स्रवतात. आयोडीनशी त्यांचा संबंध नसतो. मेड्युलरी कर्करोग या पेशींचा असतो. साहजिकच किरणोत्सारी आयोडीनचा त्यावर परिणाम होत नाही. १९५९ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी त्याचे स्वतंत्र वर्णन केले. अवटू ग्रंथीच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांमागे पाचांहूनही कमी जणांना तो होतो.

लक्षणे आणि निदान

गळ्यात न दुखणारी गाठ हे त्याचे नेहमीचे लक्षण होय. मानेच्या बाजूच्या लसिकाग्रंथी लवकर सुजू शकतात. आवाज बसणे, गिळताना त्रास होणे हीही लक्षणे आढळतात. रोग पसरलेला असल्यास काही रुग्णांना वारंवार जुलाब होतात व चेहरा लालबुंद होतो. अशा वेळी आजाराचे मूळ पोटात शोधण्यात काळ दवडला जाण्याची शक्यता असते.

सोनोग्राफी आणि बारीक सुईने काढलेल्या पेशींची तपासणी यांवरून निदान होते. या आजारात रक्तातील कॅल्सिटोनिनचे प्रमाण वाढते. शस्त्रक्रियेनंतरही त्याच चाचणीने रोग उरला आहे काय, याचा मागोवा घेता येतो.

अडकलेली घंटा

दहाव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर ‘रेट’ नावाचे जनुक असते. त्याच्या आज्ञेने तयार होणारे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असते आणि बाहेरून संदेश आला म्हणजेच पेशीला वाढीचा इशारा देते. जनुकात बिघाड झाला की, दारावरच्या घंटेचे बटण अडकून ती अखंड वाजत राहावी, तसे घडते. कोणी आलेले नसतानाही इशारा चालूच राहतो आणि पेशी बेसुमार वाढतात.

सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत हा आजार वंशपरंपरेने आलेला नसतो. त्यांतील अनेकांच्या गाठीत रेट जनुकाचा बिघाड आढळतो, काहींत रास या जनुकांचा. पण तो गाठीपुरताच असतो. उरलेल्या एक चतुर्थांश रुग्णांत मात्र बिघाड जन्मापासून शरीरातील सर्व पेशींत असतो. स्त्री असो वा पुरुष, अशा व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते. हा संबंध १९९३ साली सिद्ध झाला. अशा कुटुंबांत मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतही गाठी होऊ शकतात. त्या असल्यास रक्तदाब अचानक भडकतो. म्हणून गळ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी त्यांची तपासणी अनिवार्य असते.

उपचार

संपूर्ण अवटू ग्रंथी व आसपासच्या लसिकाग्रंथी काढून टाकणे, हाच मुख्य उपचार होय. रोग ग्रंथीपुरता मर्यादित असताना शस्त्रक्रिया झाली, तर बहुसंख्य रुग्ण दीर्घायुष्य उपभोगतात. मात्र थायरॉइडची गोळी आयुष्यभर रोज घ्यावी लागते. पसरलेल्या रोगासाठी २०११ पासून नवी औषधे उपलब्ध होऊ लागली. २०२० साली अमेरिकेत मान्यता मिळालेले सेल्परकॅटिनिब हे औषध नेमके रेट प्रथिनाचाच अडकलेला इशारा थांबवते.

सांगण्याची जबाबदारी

घराण्यात दुसऱ्या कोणाला हा आजार झालेला नसला, तरी प्रत्येक मेड्युलरी रुग्णाची रेट जनुकाची चाचणी करावी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. त्यासाठी थोडेसे रक्त पुरते. वंशागत बिघाड आढळल्यास भावंडांची व मुलांचीही चाचणी करावी लागते. ज्याच्यात बिघाड नाही, त्याची या आजाराच्या टांगत्या तलवारीतून कायमची सुटका होते आणि त्याच्या मुलांनाही हा वारसा मिळत नाही. ज्या बालकात तो आढळतो, त्याची ग्रंथी कर्करोग होण्यापूर्वीच काढता येते. बिघाड जनुकाच्या कोणत्या स्थानी आहे, यावर शस्त्रक्रियेचे वय ठरते. ६३४ क्रमांकाच्या स्थानी असल्यास ती साधारणतः पाचव्या वर्षापर्यंत करतात. ९१८ क्रमांकाच्या स्थानी असल्यास पहिल्या वर्षातच.

या वाटेवरचा मोठा अडथळा पुष्कळदा घरातच असतो. मुलींच्या लग्नात विघ्न येईल, लोक काय म्हणतील, या भीतीने आजार झाकून ठेवला जातो. चुलत-मावस भावंडांपर्यंत तर बातमी पोहोचतच नाही. अशा वेळी जनुकीय समुपदेशनाचा मोठा आधार होतो. बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतील सेंटर फॉर ह्यूमन जेनेटिक्स ही संस्था याच क्षेत्रात कार्य करते.

गळ्यातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे खरे. तरीही प्रत्येक गाठ डॉक्टरांना दाखवणे इष्ट. आणि अहवालात ‘मेड्युलरी’ हा शब्द आलाच, तर तो आप्तांपासून लपवू नये. घरदार आणि ठेवी मुलांच्या नावे वेळीच करून ठेवणारे कुटुंब ही माहितीही तितक्याच काळजीने त्यांच्या स्वाधीन करील, तर एखाद्या बालकाचा जीव वाचेल.