भोर-वेल्ह्याच्या स्वातंत्र्याच्या चार तारखा

पंधरा ऑगस्टला भोर-वेल्ह्याच्या खेड्यापाड्यांत प्रभातफेरी निघते, झेंडावंदन होते. पण १५ ऑगस्ट १९४७ रोजी हा मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानातच होता. संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले ते ८ मार्च १९४८ रोजी. राजगड-तोरण्याचा भाग पुणे जिल्ह्यात आला, सुधागड कुलाबा जिल्ह्यात गेला.

राजा गेला, गावगाडा गेला काय? महारवाडा गावकुसाबाहेरच होता. आमच्यासाठी तिसरी तारीख महत्त्वाची : २६ जानेवारी १९५०. त्या दिवशी अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. चौथी आहे १९५८ सालची. महारकीसारखी कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्याने त्या वर्षी केला. वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. म्हणजे कायदा व्हायला तीस वर्षे लागली!

राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांतील विसंगती लवकर दूर करा, नाहीतर विषमता भोगणारे ही लोकशाही उद्ध्वस्त करतील, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले होते. झेंड्याखाली उभ्या राहणाऱ्या आपल्या मुलांना या चारही तारखा सांगा. पाचवी तारीख त्यांनाच लिहायची आहे.