महाकाव्ये आणि पडदा : लेखांक सातवा – वगळलेल्या प्रश्नांची कैफियत

मागील लेखांकात आपण महाकाव्यांवरील ॲनिमेशनपटांच्या कलागुणांचा विचार केला. आता त्याहून नाजूक असा जो विषय, म्हणजे अशा चित्रपटाची नैतिक पारख करण्याचा अधिकार प्रेक्षकास आहे काय, आणि असल्यास ती कोणत्या कसोटीवर करावी, त्याकडे वळणे प्राप्त आहे. हा अधिकार प्रेक्षकास आहे, आणि ॲनिमेशनपटाच्या बाबतीत तो इतर चित्रपटांहून अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. नट जेव्हा देहाने अभिनय करतो तेव्हा दिग्दर्शकाच्या हुकुमाबाहेरचे पुष्कळ काही पडद्यावर येते. रावण साकारणाऱ्याच्या डोळ्यांत क्षणभर थकवा उमटतो, आणि तेवढ्याने तो राक्षस माणूस होऊन जातो. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाकडून करवून घेतल्या, तेव्हाही त्या दोन्ही रूपांत एका जिवंत माणसाचा श्वास होता. रेखाटलेल्या पात्रापाशी असे स्वतःचे काहीच नसते. त्याची भुवई वर गेली ती कोणीतरी ठरवून नेली म्हणूनच, आणि ज्याच्या मुखावर दुःख दिसत नाही त्याचे दुःख कोणीतरी ठरवून काढलेले नसते. जेथे अपघाताने काहीच घडत नाही, तेथे प्रत्येक रेषेचा आणि प्रत्येक अभावाचा जाब मागणे न्याय्यच ठरते.

परंतु जाब कशाचा मागावयाचा, याविषयी आपल्याकडे फार घोटाळा आहे. जपानी चित्रपटकार युगो साको हे १९८३ मध्ये पुरातत्त्ववेत्ते बी. बी. लाल यांच्या उत्खननावरील माहितीपटाच्या निमित्ताने भारतात होते. तेथून रामकथेच्या ओढीने ते जो ॲनिमेशनपट करावयास निघाले, त्यावर आरंभीच तक्रारी आल्या त्या अशा, की परदेशीयाने रामायणास हात का लावावा आणि देवांची 'कार्टुने' कशी काढावीत. या दोन्ही तक्रारींत नीतीचा प्रश्न नाही. राम मोहन आणि कोइची सासाकी यांच्यासह साको यांनी पूर्ण केलेला 'रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स राम' हा चित्रपट ज्याने पाहिला आहे, त्याच्या मनात करणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी शंका उरणार नाही. आपली माणसे कशी चालतात, काय नेसतात, हे भारतीय सहकाऱ्यांनी जपानी चित्रकारांस समजावून दिले होते, आणि ते कष्ट पडद्यावर दिसतात. वनराज भाटियांचे संगीतही त्या श्रद्धेला शोभणारे आहे. देव कोणत्या माध्यमात चितारले, यावर अवमान ठरवावयाचा, तर पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या चित्रकथींनाही आपणास आरोपीच्या जागी उभे करावे लागेल, आणि चित्रांची एकेक पोथी दाखवीत रामायण-महाभारत सांगत आलेल्या त्या परंपरेवर तो मोठाच अन्याय होईल.

माझी तक्रार निराळी आहे, आणि ती मला एका मुलीने सुचविली. हा चित्रपट २४ जानेवारी २०२५ रोजी आपल्याकडील चित्रपटगृहांत नव्याने लागला, तेव्हा कात्रजच्या आमच्या वसाहतीतील मुले तो पाहून आली. दोन-चार दिवस सगळ्या आवारात धनुष्यबाण चालले होते. त्यांतील एक मुलगी, जिच्या घरी रामनवमीस गीतरामायण लागते, आपल्या आजीला विचारीत होती, "आजी, सगळी अयोध्येला आनंदात परत आली, तर मग कुश-लव वनात कसे गं जन्मले?" आजी म्हणाल्या, "ते पुढचं आहे, बाळ," आणि थांबल्या. चित्रपट अयोध्येच्या परतीपाशी संपतो, उत्तरकांड त्यात नाही. उत्तरकांड मागाहूनचे आहे असे अनेक पंडित मानतात, तेव्हा तसे करण्याची मुभा साको यांस होती, हे मान्य केले पाहिजे. तरीही त्या मुलीचा प्रश्न उरतोच, कारण १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर दर आठवड्यास जे गीतरामायण घरोघर पोहोचले, त्याचा आरंभच कुश-लवांच्या मुखाने झाला आहे; पित्याच्या दरबारात गाणाऱ्या त्या दोन मुलांकडे पाहतानाच मराठी श्रोत्यास ठाऊक असते, की यांची आई वनात आहे. गदिमांनी छप्पन्न गीतांत वालीला उत्तर देणारा रामही ठेवला आणि लक्ष्मणाला जाब विचारणारी परित्यक्ता सीताही ठेवली. रामभक्तीत त्यामुळे तिळमात्र उणेपणा आला नाही.

याच्या नेमक्या उलट टोकास अमेरिकन चित्रकर्ती नीना पेली यांचा २००८ मधील 'सीता सिंग्ज द ब्लूज' आहे. आपल्या मोडलेल्या संसाराची कथा सीतेच्या कथेत गुंफून त्यांनी तो बव्हंशी एकहाती रेखाटला, आणि त्यावरही निषेधाचे अर्ज झाले. सीतेचा प्रश्न त्यांनी धैर्याने पुढे मांडला, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे; पण रामाची कैफियत मात्र त्यांनी ऐकूनच घेतली नाही, त्यास केवळ उपहासाचे धनी केले. वाल्मीकींनी मरणोन्मुख वालीस रामावर दीर्घ आरोप करू दिले आणि रामासही सविस्तर उत्तर देऊ दिले. वाचकाने त्या उत्तराने समाधान मानावे वा न मानावे, दोन्ही जबान्या दप्तरी दाखल आहेत. साको यांनी वादीची जबानी वगळली, पेलींनी प्रतिवादीची. आणि माझ्या दृष्टीने नैतिक दोष आहे तो हाच. तो साको यांच्या चित्रपटात मला अधिक सलतो, कारण मुलांच्या हाती जाणारा तोच आहे.

महाभारताच्या बाबतीत हा धोका आणखी वाढतो. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ मध्ये आरंभिलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या चिकित्सक आवृत्तीत, द्यूतसभेत द्रौपदीने कृष्णाचा केलेला धावा मुख्य संहितेत राहिलेला नाही, तो तळटिपांत गेला आहे. राहिला आहे तो तिचा प्रश्न, की स्वतःस आधी हरलेला पती पत्नीस पणास लावू शकतो काय. भीष्मांसारख्या ज्ञात्यासही त्याचा फैसला देता आला नाही. चित्रकारापुढचा मोह उघड आहे : अखंड वाहणारी वस्त्रे चितारणे हा त्याच्या कुंचल्याचा उत्सव, आणि निरुत्तर झालेली सभा चितारणे हे फार कठीण काम. म्हणून या कथेवरचा कोणताही ॲनिमेशनपट पाहताना मी प्रथम त्या सभेतल्या वृद्धांचे चेहरे पाहतो. ते लज्जित काढले आहेत, की केवळ पार्श्वभूमीस बसविले आहेत, यावर माझे बरेचसे मत ठरते.

पुढील आठवड्यात खांडववनाच्या दाहाचा विचार करू. कृष्णार्जुनांच्या त्या कृत्यातून तक्षकपुत्र अश्वसेन, मय आणि चार शार्ङ्गक पक्षी एवढेच वाचले, आणि पुत्राचा जीव वाचविताना तक्षकाची पत्नी अर्जुनाच्या बाणाने मेली. ज्या माध्यमात पशुपक्षी सहज बोलू शकतात, त्यात त्या नागिणीस किती वाक्ये द्यावीत, हा प्रश्न सर्पोद्यानाच्या शेजारी वाढणाऱ्या आमच्या कात्रजच्या मुलांना विचारून पाहण्याचा माझा विचार आहे.